चव कुठली?

चाकणला माझी थोरली बहीण राहते. तिच्या निम्म्या शेतावर आज कारखान्याची भिंत उभी आहे; उरलेल्या निम्म्यात ती अजून कांदा लावते. तिचा मुलगा तशाच एका भिंतीआड, गोठवलेल्या मांसाच्या कारखान्यात नोकरी करतो. एकाच घरात दोन युगे नांदतात, ती अशी.

परवा रविवारी मी चिंचवडहून तिच्याकडे गेलो होतो. भाच्याने मोठ्या हौसेने कोंबडीच्या सॉसेजचे पाकीट फोडले नि तुकडे तव्यावर परतले. अक्काने एक तुकडा सावकाश चावला आणि विचारले, "बरं आहे रे, पण हे कुठलं?"

"आपल्या चाकणचंच की!"

"कोंबडी नव्हे. चव कुठली, ते विचारते मी."

भाचा गप्प झाला. मी मात्र त्या प्रश्नात गुंतून पडलो. गोमंतकातील चोरीस घ्या. ते पोर्तुगीजांबरोबर आले. त्यातली मिरचीही त्यांनीच समुद्रापलीकडून आणली. परंतु तेथल्या माणसांनी त्यात माडाच्या सुरेचा शिरका घातला, लसूण वाटली, आणि परका पदार्थ गोव्याचा होऊन गेला. त्या मसाल्याला केवळ रुचीचे नव्हे, राखणीचेही काम होते. मिठाच्या जोडीने शिरका नि लसूण मांस नासू देत नसत. आज ती राखण उणे १८ अंशांची थंडी करते, मांसाचा गुलाबी रंग नायट्राइट सांभाळते, आणि बेकार झालेला मसाला शेवटी पुडीतून भुरभुरला जातो. अशी चव कुठलीच नसते, यात नवल ते काय?

भाच्याच्या गप्प बसण्याचे कारण मला मागाहून कळले. गेल्या उन्हाळ्यात त्याने अक्काचा कांदा-लसूण मसाला कारखान्यात नेला होता. नमुना सर्वांना आवडला; पण वरिष्ठांनी विचारले, "पुढचे पोते असेच असेल काय?" त्याने घरी येऊन तोच प्रश्न आईला केला. ती म्हणाली, "असंच कसं असेल? दर साली पाऊस तरी सारखा पडतो का?" प्रकरण तेथेच मिटले. मौज अशी, की चाकणच्या त्या कारखान्यात कांद्याची भुकटी येते ती गुजरातेतील महुव्याहून. तेथला पांढरा कांदा वाळवणाला सोयीचा. त्यात घनांश अधिक. आमचा लाल कांदा कुंपणाबाहेरच राहतो!

वरिष्ठांचे चुकले, असे मला म्हणवत नाही. दूरच्या गावी पाकीट फोडणाऱ्या गिऱ्हाइकाला कालचीच चव आज हवी असते. पण अक्काचेही चुकले नाही. जी चव जमिनीची नि पावसाची असते, ती थोडी बदलणारच.

भाच्याने मात्र नाद सोडलेला नाही. कढीपत्त्याचा व शेवग्याच्या पाल्याचा अर्क मांस लवकर खवट होऊ देत नाही, असे आपल्याकडच्या संशोधकांच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा मसाल्याला त्याचे जुने काम परत मिळेल, अशी त्याला आशा आहे. त्या संध्याकाळी तो तराजू घेऊन चुलीपाशी बसला होता. जन्मात कधी माप न वापरलेली अक्का धण्यांची मूठ भरून, ती भांड्यात न टाकता, हात तसाच अधांतरी धरून थांबली होती. लेकाने आधी वजन करून घ्यावे म्हणून.