शंभर मिलिलिटरचा इतिहास

#थ्रेड

१/ मुंबईहून लंडनला निघालेल्या प्रवाशाच्या हातपिशवीत घरून भरून दिलेली लोणच्याची बरणी असली, तर ती तपासणीच्या पट्ट्यावरच अडते. लोणचे, तूप, मुरांबा हे सारे सुरक्षा नियमांच्या लेखी 'द्रव'च. हा नियम २००६ चा. त्याची कारणे मात्र बरीच जुनी आहेत.

२/ २९ नोव्हेंबर १९८७. बगदादहून अबू धाबी व बँकॉकमार्गे सेऊलला निघालेले कोरियन एअरचे ८५८ क्रमांकाचे विमान अंदमानच्या समुद्रावर नष्ट झाले. ११५ जण दगावले. उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी रेडिओत दडवलेला बॉम्ब आणि मद्याच्या बाटलीतले द्रव स्फोटक विमानात ठेवले व ते अबू धाबीला उतरून गेले.

३/ ११ डिसेंबर १९९४. रमझी युसुफ मनिलाहून फिलिपीन एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात बसला. कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीत त्याने नायट्रोग्लिसरीन आणले होते. बॉम्ब आसनाखाली ठेवून तो सेबूला उतरला. पुढे टोकियोच्या वाटेवर स्फोट झाला व एक प्रवासी ठार झाला. वैमानिकांनी विमान ओकिनावाला सुखरूप उतरवले.

४/ ही रंगीत तालीम होती. जानेवारी १९९५ मध्ये मनिलातील एका खोलीला आग लागली आणि अमेरिकेकडे जाणारी सुमारे डझनभर विमाने पाडण्याचा कट उघड झाला. म्हणजे बाटलीतला धोका तेव्हाच ज्ञात होता. तरीही जगभर लागू होईल असा नियम व्हायला आणखी अकरा वर्षे गेली.

५/ १० ऑगस्ट २००६. हीथ्रोहून उत्तर अमेरिकेला जाणारी विमाने शीतपेयांच्या बाटल्यांतील स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी आदल्या रात्री मोडून काढला होता. बाटलीचे झाकण न उघडता तळाला भोक पाडायचे, आतले पेय काढून हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण भरायचे, अशी ती योजना. २००९ मध्ये न्यायालयाने प्रमुख आरोपींना दोषी ठरवले.

६/ त्या सकाळी ब्रिटनमध्ये हातसामानच बंद झाले. पारपत्र, पाकीट, अत्यावश्यक औषधे एवढेच, तेही पारदर्शक पिशवीत. तान्ह्या बाळाचे दूध न्यायचे, तर सोबतच्या मोठ्या माणसाने ते सर्वांसमक्ष चाखून दाखवायचे. आईच्या हातातील दुधाच्या बाटलीवरही संशय घ्यावा लागला, हे त्या दिवसाचे वास्तव.

७/ अशी सरसकट बंदी टिकणारी नव्हती. सप्टेंबरअखेर अमेरिकेने व नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाने मधला मार्ग काढला: प्रत्येक बाटली साधारण १०० मिलिलिटरची, सर्व बाटल्या सुमारे एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत. औषधे व बाळाचा आहार यांना सवलत. येथे मोजली जाते ती बाटलीची क्षमता, आतला ऐवज नव्हे. म्हणून २०० मिलिलिटरची अर्धी रिकामी बाटलीही टाकून द्यावी लागते.

८/ पाण्यात धोका नव्हता. उणीव यंत्रात होती. जुन्या क्ष-किरण यंत्राला बाटलीचा आकार दिसे, पण पाणी आणि पेरॉक्साइड यांतला भेद खात्रीने सांगता येत नसे. द्रव ओळखता येईना, म्हणून त्याचे माप मर्यादित केले. तपासणीची ही मर्यादा कोट्यवधी प्रवाशांनी आपल्या गैरसोयीने भरून काढली.

९/ आता रुग्णालयातील सीटी स्कॅनच्या तत्त्वावर चालणारी यंत्रे सामानाचे त्रिमितीय चित्र घेऊन आतील पदार्थाची घनता तपासतात. त्यांच्या भरवशावर २०२५ मध्ये एडिंबर्ग व बर्मिंगहॅमने दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना मुभा दिली. वाट मात्र सरळ नव्हती: सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने काही विमानतळांवर दिलेली सूट मागे घेऊन १०० मिलिलिटरची अट पुन्हा लावली होती.

१०/ परिणामी आज एकाच प्रवासात दोन नियम भेटू शकतात. एका विमानतळाने सोडलेली बाटली विमान बदलताना दुसरीकडे कचऱ्यात जाऊ शकते. जगातील सगळे तपासणी पट्टे एकाच दिवशी बदलत नाहीत. तोवर लोणच्याची बरणी नीट गुंडाळून मोठ्या बॅगेतच टाकावी, हे बरे.