नव्या यंत्रात जुन्या खिडक्या
संगणकाची कार्यप्रणाली नवी, पण चेहरा आणि वागणूक मागच्या आवृत्तीची, अशी रचना हौसेने करून घेणारे लोक विंडोजच्या जगात पूर्वीपासून आहेत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ने पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्टचे बटण ठेवले आणि पुढची सतरा वर्षे ते तिथून हलले नाही. रूप पालटत गेले. राखाडी पट्टी गेली, २००१च्या एक्सपीत निळी पट्टी आणि हिरवेगार बटण आले, व्हिस्टात सगळे काचेचे झाले. जागा मात्र तीच राहिली. एक्सपीचा भडकपणा ज्यांना सोसवला नाही, त्यांनाही फार खटपट करावी लागली नाही, कारण मायक्रोसॉफ्टनेच सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ ही राखाडी थीम राखून ठेवली होती. ती निवडली की खिडक्या पुन्हा चौकोनी आणि साध्या होत.

ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ने ही थीम काढली आणि स्टार्टचे बटणही काढले. त्याजागी बोटाने सरकवायचे रंगीत चौकोन पडदाभर पसरले. टॅबलेटवर ते शोभतही असतील; टेबलावरच्या संगणकापुढे बसलेल्या माणसाचा माउस मात्र सवयीने डाव्या कोपऱ्यात जाई आणि बटण दिसत नसे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून ज्यांनी संगणक शिकला, त्यांचा पहिला धडाच त्या बटणापासून सुरू झालेला. अशी सवय डोळ्यांपेक्षा मनगटात जास्त असते, म्हणून नव्या रूपाला नावे न ठेवणारी माणसेही हलवलेल्या बटणावर चिडतात. या साऱ्या खटाटोपाला गतकातरतेचे लेबल लावणे सोपे आहे, पण त्यातला बराचसा भाग निव्वळ काम उरकण्याच्या सोयीचा आहे.

वर्षभराने ८.१मध्ये बटण परतले. ते दाबल्यावर उघडणारा मेनू नाही परतला. ती उणीव क्लासिक शेल या फुकट प्रोग्रॅमने भरून काढली. इव्हो बेल्चेव तो आधीपासूनच लिहीत होते, विंडोज ८ने त्याला घरोघरी नेले. डिसेंबर २०१७मध्ये बेल्चेव यांनी काम थांबवले आणि कोड खुला केला. त्यातूनच पुढे ओपन-शेल निघाले.

मेनू बदलणे त्यातल्या त्यात सोपे, कारण तो स्वतंत्रपणे उघडणारा तुकडा आहे. खिडकीची चौकट, वरची पट्टी, बटणांच्या कडा हे सगळे थीमच्या हाती असते आणि विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेलीच थीम स्वीकारते. त्यामुळे हौशी लोक आधी सही तपासणाऱ्या फाइलवर पॅच चढवतात आणि मग एक्सपीची किंवा विंडोज ७ची थीम बसवतात. त्याहून धीट मंडळी थीमची यंत्रणाच बंद पाडतात. तेव्हा एक गंमत उघडकीस येते: खालून जुनी राखाडी बटणे जशीच्या तशी वर येतात. डावीकडून वरून उजेड पडल्यासारखी पांढरी कड, उजवीकडे खाली काळसर छाया. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ही चित्रे काढणारा कोड आत ठेवलेलाच असतो. मोरआयकॉन्स नावाच्या एका फाइलमध्ये तर विंडोज ३.१च्या काळातली चिन्हे अजून पडून आहेत. अर्थात टास्कबारसारखे नव्या घडणीचे भाग अशा राखाडी संसारात नीट नांदत नाहीत, आणि शेवटी ठिगळ दिसतेच.

५ ऑक्टोबर २०२१च्या विंडोज ११ने टास्कबारवरची बटणे मध्यभागी आणली. ती सेटिंगमधून डावीकडे नेता येतात, पण ती अख्खी पट्टी पडद्याच्या बाजूला उभी करण्याची जुनी मुभा या आवृत्तीने काढून घेतली. राइट-क्लिकचा मेनूही आखडला. नेहमीचे पर्याय एका जादा क्लिकमागे गेले. जुना मेनू रजिस्ट्रीत एक रिकामी नोंद घातली की परत येतो. पट्टीचे मात्र तसे नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांत विंडोज १०चा टास्कबार आतच झोपलेला होता आणि एक्सप्लोररपॅचर हा प्रोग्रॅम त्याला फक्त जागा करीत असे. २०२४च्या २४एच२ आवृत्तीतून तो कोडच काढला गेला आणि एक्सप्लोररपॅचरकर्त्यांना तो नव्याने उभा करावा लागला. या उद्योगातली खरी कटकट हीच: बसवणे एकदाचे होते, सांभाळणे दर अपडेटला येते. मोठ्या अपडेटनंतर पडदाच कोरा राहिल्याचा अनुभव जाणकारांना नवा नाही, म्हणून ते आधी प्रणालीची प्रत काढून ठेवतात.

लिनक्सवाल्यांचा मार्ग सरळ आहे. तिथे केडीई, ग्नोम, एक्सएफसीई असे पडद्याचे रूप ठरवणारे वेगवेगळे डेस्कटॉप असतात आणि त्यांचा कोड खुला असल्याने नवे रूप पसंत नसेल तर जुन्याचीच प्रत घेऊन ती पुढे चालवता येते. केडीईची चौथी पिढी २००८मध्ये आली, तेव्हा आधीच्या ३.५ला ट्रिनिटी या प्रकल्पाने आसरा दिला. २०११मध्ये ग्नोम ३ने मांडणी मोडली आणि अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २वरून माते हा डेस्कटॉप उभा केला. तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीही ग्नोम ३ नाकारून काही काळ एक्सएफसीई पत्करले. त्याच एक्सएफसीईवर ‘शिकागो९५’ ही थीम चढवली की लिनक्स थेट विंडोज ९५सारखे दिसू लागते, तेही कोणत्याही फाइलला पॅच न मारता.

रूप कितीही हुबेहूब उतरले तरी जुने प्रोग्रॅम त्याने चालू लागत नाहीत. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये पेजमेकरवर जुळवलेल्या पुस्तकांच्या फाइली उघडायच्या, तर राखाडी थीमचा काही उपयोग नाही. तिथे अनेकदा मूळ एक्सपीच लागते आणि तिची सुरक्षा-अपडेट्स ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आहेत. म्हणून नव्या विंडोजच्या पोटात आभासी यंत्र उभारतात, त्यात एक्सपी बसवतात, तिची इंटरनेटची जोडणी तोडतात आणि फाइल तेवढी बाहेर काढून घेतात.