निरोप कोठें ठेवावा?

पावसाळ्यांत नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणाऱ्याची दृष्टि प्रथम धबधब्यावर खिळते. बोरी नदीचें पाणी बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन वाटांनीं खालीं कोसळत असतें. त्या बंधाऱ्याच्या पोटांत एक महाल आहे, हें मात्र त्याला कोणी तरी सांगावें लागतें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १७ व्या शतकाच्या आरंभीं, हा पाणीमहाल बांधला गेला. आंत बसलेला मनुष्य कोरडा राहतो आणि खिडकीपुढून पडणारें पाणी पाहतो. मोबाईलचीं अॅप्स रचणें हाच माझा व्यवसाय असल्यामुळें असेल, पण हा महाल पाहिला कीं मला फोनच्या पडद्यामागचा संसार आठवतो. तेथेंहि राबणारा आंत असतो आणि कौतुक बाहेरच्या देखाव्याचें होतें.

बोटाचा स्पर्श ओळखणें, अक्षरें रेखाटणें, यादी वरखालीं सरकविणें, हीं पडद्याचीं सारीं कामें एकाच धाग्यावर ओवलेलीं असतात. त्याच धाग्यावर एखादें जड काम टाकलें आणि स्पर्शाला सुमारें ५ सेकंद उत्तर मिळालें नाहीं, तर अॅप प्रतिसाद देत नसल्याची पाटी अँड्रॉइड प्रणालि आपल्यापुढें आणते. म्हणून छायाचित्र पाठविण्यासारखीं वेळखाऊ कामें पडद्यामागें, वेगळ्या धाग्यावर सोंपवितात, आणि तीं सांभाळणाऱ्या सेवकाला ‘सर्व्हिस’ म्हणतात. सेवक काम करतो यांत नवल नाहीं. काम झाल्यावर त्यानें निरोप कोणाजवळ द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

सरळ मार्ग असा वाटतो कीं, पडद्याचा पत्ता सेवकाच्या हातीं द्यावा आणि त्यानें थेट तेथें जाऊन सांगावें. परंतु फोन नुसता आडवा केला तरी ही प्रणालि सामान्यतः जुना पडदा मोडून नवा उभारते. सेवक निरोप घेऊन पोंचतो, तों घर पडलेलें असतें, आणि नव्या घराला त्याची ओळखहि नसते. दुसरा मार्ग दवंडीचा. सेवकानें चवाठ्यावर उभें राहून ओरडावें. जो ऐकत असेल त्यानें ऐकावें. पण त्या क्षणीं जो हजर नाहीं, त्याच्यापुरती ती दवंडी पिटलीच गेली नाहीं असें समजावें. तिसरा मार्ग आपल्या जुन्या पेढ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे वहीचा. सेवकानें निकाल वहींत लिहावा, आणि पडदा जेव्हां उघडेल तेव्हां त्यानें वहीच वाचावी. उघडा असेतोंवर तिच्यावर नजर ठेवावी. मग दोघांनीं एकमेकांचें तोंड पाहण्याची गरजच उरत नाहीं.

हा केवळ कारागिरांचा वाद आहे असें कोणी म्हणूं नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद छायाचित्रासह मोबाईलवरून करूं लागला. ही नोंद सातबाऱ्यावर जावयाची असते. अशा वेळीं नळदुर्गच्या आसपासचा एखादा शेतकरी सोयाबीनच्या रानांत उभा आहे, रेंज जेमतेम आहे, अशी कल्पना करा. तो बटण दाबतो, फोन खिशांत टाकतो आणि कामाला लागतो. इकडे बॅटरी वांचविण्यासाठीं फोन पडद्यामागच्या कामांना आवर घालतो. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून हे निर्बंध अधिकच कडक झाले. यावर २०१८ सालीं गूगलनें ‘वर्कमॅनेजर’ पुढें आणला. तो सोंपविलेलें काम स्वतःच्या नोंदींत टिपून ठेवतो, आणि सांगितलें असल्यास रेंज येईपर्यंत थांबतो. मध्येंच फोन बंद होऊन पुन्हां सुरू झाला तरी काम विसरत नाहीं.

परंतु काम पुरें होणें आणि तें झाल्याचें धन्याला कळणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छायाचित्र पोंचण्यापूर्वींच पडद्यानें ‘पोंचलें’ म्हणणें हें असत्य होय. आणि तें अडकलें असतां गप्प बसणें, हें माझ्या मतें त्याहून फारसें बरें नाहीं. वाट पाहत आहे, जात आहे, पोंचलें, अडकलें, या चार अवस्था वहींत स्पष्ट असाव्या, आणि अडकलें असल्यास कारणहि असावें. यश तेवढें लिहावें आणि अपयश गिळावें, अशी वही ठेवणाऱ्या कारकुनाला कोणत्या पेढीनें ठेवून घेतलें असतें?

रात्रीं जेवणें उरकल्यावर तो शेतकरी फोन उघडतो. समोरचा पडदा नुकताच जन्मलेला असतो; दुपारचें त्याला कांहींहि ठाऊक नसतें. तो वही उघडतो आणि तींत आहे तेंच सांगतो: छायाचित्र ४ वाजतां पोंचलें. शेतकरी फोन उशाशीं ठेवतो आणि दिवा मालवतो.