फुटपाथवरचा बर्फ

रात्रभर बर्फ पडला की शिकागोचे हमरस्ते सकाळी काळेभोर दिसतात. पालिकेच्या शेकडो गाड्या मीठ टाकत, पातं घासत फिरत असतात. आधी लेक शोर ड्राइव्ह आणि मोठे रस्ते, ते मोकळे झाले की गल्ल्या, असा क्रम ठरलेला. 1 डिसेंबर ते 1 एप्रिल या काळात काही हमरस्त्यांवर पहाटे 3 ते 7 गाडी उभी करायला बंदी असते, बर्फ पडो न पडो. गाडीवाल्यांसाठी हे शहर मनापासून राबतं. माझी तक्रार पायी चालणाऱ्यांच्या वतीने आहे.

*

प्लाऊ, म्हणजे ती पात्याची गाडी, बर्फ नाहीसा करत नाही, बाजूला लोटतो. ही बाजू म्हणजे चौकाचा कोपरा, फुटपाथचा उतार, बसथांबा. दुपारी वरचा थर जरा वितळतो, रात्री गोठतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे गुडघाभर उंचीचा, काजळी धरलेला कठीण बांध तयार असतो. फावडं मारलं तर नुसते टवके उडतात.

परवा आमच्या कोपऱ्यावर एक आजी बससाठी उभ्या होत्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने थांब्याचा खांब घट्ट धरलेला. बस आली, पण बांधामुळे कडेला लागू शकली नाही, रस्त्याच्या मधेच थांबली. बसचा रॅम्प टेकवायला जागा नव्हती. दोघा मुलांनी आजींना दंडाला धरून बांधावरून पलीकडे नेलं. व्हीलचेअर असती तर बस तशीच निघून गेली असती.

*

इथे फुटपाथ साफ करणं हे लगतच्या घरमालकाचं किंवा दुकानदाराचं काम. पाच फूट रुंदीची वाट हवी. दिवसा पडलेला बर्फ रात्री 10 पर्यंत, रात्री पडलेला सकाळी 10 पर्यंत काढायचा. नियम चांगला आहे. पण रिकामा प्लॉट, बंद पडलेलं दुकान, रेल्वेच्या पुलाखालचा पट्टा, यांचं कोण पाहणार? घराची मालकीण ऐंशीची असेल तर? सलग दहा घरांनी फावडं मारलं आणि अकराव्याने नाही, तर चालणाऱ्याला शेवटी रस्त्यावरच उतरावं लागतं, गाड्यांच्या मधे.

*

बर्फाने या शहरात सत्ता पालटली आहे. जानेवारी 1979 च्या हिमवादळात गल्ल्या कित्येक दिवस तुंबून राहिल्या. महापौर मायकेल बिलँडिक यांनी लोकांना गाड्या शाळांच्या आवारात लावायला सांगितलं, तर ती आवारंच साफ झालेली नव्हती. लोकल गाड्या वेळ वाचवायला कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली स्टेशनं सोडून पुढे जाऊ लागल्या. त्या थंडीत फलाटावर उभं राहून समोरून गाडी निघून जाताना पाहणारा माणूस ते कसं विसरेल? 27 फेब्रुवारीला पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी बिलँडिकना हरवलं आणि पुढे त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

*

फुटपाथवर मीठ टाकूनही नेहमी भागत नाही. साधं मीठ उणे 9 सेल्सियसच्या खाली जवळजवळ निकामी ठरतं. मग कॅल्शियम क्लोराइड लागतं. शिवाय मीठ विरघळून नदीत जातं आणि तिथून ते काढता येत नाही. म्हणून आधी फावडं, मग बेताचं मीठ.

*

भारतातून मुलीच्या बाळंतपणासाठी आलेले आई-बाबा आठवा. इथे गाडी चालवत नाहीत, आयुष्यभर रोज फिरायला जायची सवय. डिसेंबरपासून ते घरात कोंडले जातात. थंडीचं ते फारसं मनावर घेत नाहीत, कोट-टोपी घालून तयार असतात. भीती असते ती घसरून खुबा मोडण्याची, आणि ती अगदी रास्त आहे.

*

स्वीडनमधल्या कार्ल्सकुगा या गावाने क्रम उलटा केला: आधी फुटपाथ आणि सायकलवाटा, मग गाड्यांचे रस्ते. बायका पायी आणि बसने जास्त फिरतात, जुन्या क्रमात त्या मागे पडत होत्या, हे तपासात दिसलं. तीन इंच बर्फातून गाडी रेटता येते, बाबागाडी नाही. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो.

*

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पण मॉन्ट्रियल शहर फुटपाथ स्वतः साफ करतं, त्यासाठी अरुंद खास गाड्या ठेवतं. न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टरही मोठा बर्फ पडला की फुटपाथवर प्लाऊ फिरवतं. शिकागोत अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी हीच मागणी लावून धरली आणि 2023 मध्ये नगरपरिषदेने प्रायोगिक योजना आखायला मंजुरी दिली. सुरुवात बसथांबे, दवाखाने आणि शाळांभोवतीच्या फुटपाथांपासून व्हावी. सगळं शहर एकदम कुणी मागत नाही.

*

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. स्वतःच्या दारासमोरची वाट काढताना शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचीही काढा, आणि कोपऱ्यावरचा बांध गोठण्याआधी फोडा. कुठे फुटपाथ अडलेला दिसला तर पालिकेच्या 311 क्रमांकावर फोन करून पत्त्यासकट नोंदवा.