समुद्राची नोंद, यवतमाळचा पाऊस

यवतमाळहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र पाचशे किलोमीटरहून दूरच. तरीही इथल्या कोरडवाहू कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा हंगाम बऱ्याच अंशी त्या पाण्यातच ठरतो. १९९७ साली पॅसिफिक महासागरात फार तीव्र एल निनो होता. त्यामुळे भारतात दुष्काळाची धास्ती होती, पण देशाचा मान्सून सरासरीच्या आसपास राहिला. त्याचं एक मोठं कारण हिंदी महासागरात होतं. त्याचा पश्चिम भाग तापला होता आणि सुमात्राजवळचा पूर्व भाग थंडावला होता. या हेलकाव्याला ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ म्हणून शास्त्रीय ओळख मिळाली ती १९९९ मध्ये, म्हणजे हंगाम उलटून गेल्यावर. पॅसिफिकच्या विषुववृत्तावर १९९४ पर्यंत बोयांची, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या मोजयंत्रांची, अख्खी साखळी उभी राहिली होती. आपल्या महासागरात तसं काहीच नव्हतं. मोजमाप नसल्यामुळे कारण उशिरा कळलं, असं मी या घटनेकडे पाहतो.

ही उणीव एकट्या देशाला भरून काढणं शक्य नव्हतं. २००२ मध्ये हिंदी महासागराभोवतीच्या संस्थांनी एकत्र येऊन ‘आयओगूस’ हा निरीक्षणाचा प्रादेशिक मंच उभारला. त्याचं सचिवालय हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये आहे. पुढे ‘रामा’ या बोयांच्या जाळ्यासाठी ४६ जागा ठरल्या आणि भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया अशा देशांनी जहाजं, उपकरणं आणि माणसं यांचा भार वाटून घेतला. त्याच्या जोडीला ‘आर्गो’चे फ्लोट आहेत. ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात व उपग्रहाकडे पाठवतात. या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम साधाच आहे: संशयास्पद आकडा खोडायचा नाही, त्यावर खुणेचा अंक टाकून तो जगासमोर ठेवायचा. चूक झाकणारा सभासद नोंद न देणाऱ्यापेक्षा घातक असतो, कारण त्याच्या आकड्यावर दुसरा कुणीतरी अंदाज उभारतो.

सभासदत्वाची खरी कसोटी मात्र देखभालीत लागते. पॅसिफिकमधल्या त्याच साखळीचं पाहा. बोयांची निगा राखणारं अमेरिकी जहाज २०१२ मध्ये सेवेतून गेलं आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत साखळीकडून येणाऱ्या नोंदी सुमारे चाळीस टक्क्यांवर घसरल्या. ज्ञान होतं, पैसेवाला देशही होता. बॅटरी बदलायला आणि शेवाळलेलं उपकरण घासायला वेळेवर जहाज गेलं नाही, एवढंच. उद्घाटनाला निधी मिळतो, पाचव्या वर्षीच्या दुरुस्तीला मिळत नाही, आणि वीस वर्षांच्या नोंदमालेतली फट पुढे कुठल्याही पैशाने भरता येत नाही.

यावर इथला शेतकरी विचारेल, आणि रास्त विचारेल, की समुद्राचं तापमान कळून माझ्या वावरात उद्या पाणी पडेल की नाही हे कुठे कळतं? कळत नाही. हंगामी अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो. त्यावरून एका गावाची पेरणी ठरवायला सांगणं ही फसवणूक होईल. पण पेरणीनंतर मोठी उघडीप पडली तर दुबार पेरणीचं संकट येतं. अशा उघडिपीचा दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणाऱ्या प्रतिमानांना सुरुवातीलाच समुद्राची स्थिती भरवावी लागते. भारतात २०१२ पासून ‘मान्सून मिशन’खाली समुद्र आणि वातावरण एकत्र हिशेबात धरणारी प्रतिमानं विकसित झाली, ती याच नोंदींच्या आधाराने.

दुसरा आक्षेप असा की हे सारं सागरी संस्थांचं काम, त्यात जिल्ह्याचा काय संबंध? माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. समुद्रावरून केलेला अंदाज खरा ठरला की चुकला, हे जमिनीवरच्या पर्जन्यमापकावाचून सांगता येत नाही. सकाळी साडेआठला घेतलेली महसूल मंडळाची नोंद हे त्या जाळ्याचं जमिनीकडचं टोक आहे आणि तिलाही समुद्रातलेच नियम लागू व्हायला हवेत. पाऊस शून्य असणं आणि नोंदच नसणं यांत फरक आहे. केंद्र बंद असलेल्या दिवशी रकान्यात शून्य लिहिलं, तर कोरडा दिवस जन्माला येतो. झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशातलं यंत्र पाऊस कमी दाखवतं. त्या जागेची खूण नोंदीसोबत राहिली पाहिजे.

पावसाच्या आकड्यांवर सरकारी मदत अवलंबून असल्याने ते खुले केले तर वाद वाढतील, ही भीती खोटी नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची रेषा एखाद्या मंडळात थोडक्यात हुकते आणि शेजारच्या मंडळात ओलांडली जाते, तेव्हा भांडण होणारच. पण आज ते केवळ संशयावर चालतं. यंत्र कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, कोणता आकडा दुरुस्त केला आणि का, हे आकड्यालगत वाचता आलं तर तक्रारीला निदान बोट ठेवायला जागा मिळेल. त्यासाठी तपासणीचा दिनांक दर पावसाळ्याआधी प्रत्येक केंद्रावर लावावा, आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावरही दिसावा.