आईच्या वाट्याचा मसाज

परदेशात गेल्यावर तुम्ही घरच्यांसाठी काय घेता? चॉकलेट, परफ्यूम, फ्रीजवरचे मॅग्नेट? माझं ऐकाल, तर सगळ्यांनी मिळून एक तास मसाज घ्या!

आम्ही रायपूरहून कोलकातामार्गे बँकॉकला गेलो होतो. तिथल्या वाट फो मंदिरात 46 मीटर लांबीची पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती आहे आणि त्याच आवारात थाई मसाजही मिळतो. थाई लोक या विद्येचा जनक मानतात जीवकाला, म्हणजे आपल्याच राजगृहातल्या, बुद्धांच्या वैद्याला. 2019 मध्ये युनेस्कोने या मसाजला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आई आधी नकोच म्हणाली. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना तेल-उटणं लावते ती. तिला कुणी लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण इथे सैल सुती कपडे घालूनच मसाज होतो, तेलही नसतं, फक्त दाबणं आणि ताणणं, हे कळल्यावर ती तयार झाली. आजी, आई आणि मी शेजारी-शेजारी गाद्यांवर आडव्या झालो. थाईत 'बाव-बाव' म्हणजे हलक्या हाताने. आजीने ते तीनदा वापरलं! आई मात्र दहा मिनिटांत झोपली. सगळे जागे असताना तिला झोपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तुम्ही गेलात तर भरल्या पोटी जाऊ नका. बीपी, हाडांचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि बँकॉक लांब वाटत असेल, तर तेलाची वाटी घरातच आहे. यंदाच्या दिवाळीत पाटावर आधी आईला बसवा.