जॉब गरम आहे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले रस्ते आकड्यांनी ओळखले जातात. १६ नंबर, २२ नंबर, ३३ नंबर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतली ही एक. आता इथे काचेच्या इमारती आल्या, पासपोर्टसाठी लोक नटूनथटून येतात. पण मागच्या गल्ल्यांतल्या गाळ्यांत लेथ अजून फिरतात.

साहस म्हटलं की ठाण्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर माहुली येतो, नाहीतर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तोही शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार नुसत्या पाट्या टाकायच्या. माझं हे मत एका गाळ्यात बदललं. तिथल्या टर्नरकाकांच्या लेथवर ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब लागला होता आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स होता दोन शतांश मिलिमीटर. आपला केस साधारण सात शतांश जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी जागेत उतरायचं, आणि एकदा जास्त कापलं गेलं की ते पोलाद परत चिकटवता येत नाही.

त्यात पोलाद गरम झालं की फुगतं. कापताना हाच जॉब ४० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास दोन शतांशांहून थोडा जास्तच वाढतो. सगळा टॉलरन्स तिथेच संपला! गरम असताना माप अचूक आलं म्हणून खूश व्हावं, तर निवल्यावर जॉब बारीक. आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा मायक्रोमीटर घेऊन पुढे सरसावला, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. ‘थांब रे, जॉब गरम आहे.’ मोजमापासाठी जगभर धरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात ठाण्यातल्या पत्र्याखाली ते कुठून आणायचं? नशीब की मायक्रोमीटरही पोलादाचाच. दोघे एकाच हवेत निवांत पडून राहिले की हिशेब जुळतो.

दरम्यान काका ऐकत असतात. टूलची धार गेली की आवाज बदलतो. चिपचा रंग सोनेरीवरून जांभळ्यावर, मग निळ्यावर जातो, तसा त्यांचा हात हँडलवर हलका होतो. हा शहाणपणा ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो.

मला नरहरी सोनार आठवले. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न पाहणारे कट्टर शिवभक्त. कथा अशी, की एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला दिला. माप त्यानेच आणलं. करगोटा कधी आखूड झाला, कधी लांब. शेवटी नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले, आणि हाताला लागले शिवशंकर. कीर्तनकार यातून हरिहरांचं ऐक्य सांगतात, तेही खरंच. पण गाळ्यात बसून ऐकली तर ही आधी रिवर्कची गोष्ट आहे. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम केलं, आणि माल दोनदा परत आला.

आता समोरच्या काचेच्या इमारतींत ‘पॅशनने काम करा’ अशा पाट्या असतात. जिथे पगार उशिरा होतो तिथे ही पाटी मोठ्या अक्षरांत असते, असा माझा आपला समज. आणि दिवसभर एकच बुश शेकड्यांनी काढणाऱ्याला साहसाचं प्रवचन कुणी देऊ नये. संध्याकाळी त्याची कंबर धरलेली असते; त्याला ओव्हरटाइम द्यावा.

काकांचा जीव मात्र ब्रेकडाउनच्या जॉबात. कुठल्याशा बंद मशीनचा झिजलेला शाफ्ट फडक्यात गुंडाळून येतो. ड्रॉइंग नाही, मशीन बनवणारी कंपनी कधीच गुंडाळलेली. तिकडे गिऱ्हाइकाची लाइन ठप्प, म्हणून त्याचा फोन दर अर्ध्या तासाला. मग शाफ्टवर न झिजलेली जागा शोधायची, जिथे बेअरिंग कधी फिरलंच नाही. तेवढी पट्टी काय ती मूळ मापाची साक्षीदार. त्या दिवशी तिथे माप आलं २५.३९.

‘पंचवीस असणार,’ पोरगा म्हणाला. ‘घासलंय कुठे तरी.’

‘घासल्यावर वाढतं होय रे?’ काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘पंचवीस पॉइंट चार म्हणजे किती?’

पोरगा क्षणभर गप्प. मग एकदम, ‘एक इंच! काका, मशीन इंची आहे!’

‘मग बेअरिंगपण इंचीच लागणार. मुंबईत नागदेवीच्या बाजारात बघ, मिळालं तर तिथेच.’

पोरगा चहा अर्धा टाकून स्टेशनच्या रिक्षात बसलासुद्धा.